घाम कुणाचा?

इचलकरंजीतल्या त्या शाळेत प्रार्थना संपली की मुलं मनगटं वर करत. प्रत्येक मनगटावर एक घामपट्टी. घामातले रेणू वाचून ती नशा ओळखायची. नशा सापडली की लाल, नाहीतर हिरवी. लाल झाली की शाळेतून नाव कमी.

वर्षभर शाळा हिरवीगार होती. मुख्याध्यापक बिरनाळे सरांचा सत्कारही झाला. नशाच नाही म्हटल्यावर तिची माहिती कशाला, म्हणून सरांनी तो धडा वगळला. उरलं भिंतीवरचं वाक्य : ‘एक गोळी, खेळ खलास!’

काही मुलांनी एक गोळी घेऊन पाहिली. खेळ खलास झाला नाही. मग भिंतीवरचं काहीच खरं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पट्टी फार हुशार होती. घाम वाचायची, कुणाचा, ते विचारायची नाही. कबड्डीची कर्णधार तनिष्का मगदूम कधी कशाच्या वाटेला गेली नव्हती. सकाळच्या सरावानंतरचा तिचा ओला रुमाल प्रार्थनेआधी वर्गभर पट्ट्यांवरून फिरायचा. दोस्तीखातर.

गुरुवारी मधल्या सुट्टीत हर्षद चौगुले कोसळला. तनिष्का आणि सरांनी त्याला दवाखान्यात आणलं.

“काय घेतलंय यानं?” डॉक्टर शहनाज मुल्लांनी विचारलं.

सरांनी त्याचं मनगट उचललं. “काही नाही. हिरवी आहे बघा.”

“श्वास बंद पडत चाललाय, सर! काय घेतलंय ते कळल्याशिवाय उतारा कुठला देऊ?”

“दुखण्यावरच्या गुंगीच्या गोळ्या,” तनिष्का म्हणाली. “आणि वर खोकल्याचं औषध.”

“गप बस! पट्टी काय खोटं बोलते?”

“पट्टीवर घाम माझा आहे, सर. सगळ्यांच्याच.”

डॉक्टर तोवर सुई टोचून मोकळ्या झाल्या होत्या. काही वेळानं हर्षदची छाती नीट हलू लागली.

“दोन्ही एकत्र घेतलं की श्वास थांबू शकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “शाळेत सांगत नाहीत?”

“शाळेत भिंत आहे,” तनिष्का म्हणाली.

“तुझं नाव उद्याच कमी करतो!” सर कडाडले.

“करा. पण बाहेर याचे दोस्त उभे आहेत. त्यांच्याकडे त्याच गोळ्या आहेत. डॉक्टरांनी आत्ता सांगितलं ते मी जाऊन सांगते. की तुम्ही सांगता?”