दाजी टाकीत उतरले ती दुपार

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. पटली तर घ्या, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

शहराबाहेर कचऱ्याचा डोंगर आहे. त्यातून झिरपणारं काळं, विषारी पाणी साफ करणाऱ्या प्लांटवर मी सुपरवायझर. दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, तिथे फिटर म्हणून मीच चिकटवलं.

गेल्या वर्षी भर दुपारी दोन नंबरच्या टाकीतला पंप अडकला.

"गॅस तपासलास ना रे?" दाजींनी विचारलं.

"हो, हो. उतरा तुम्ही."

तपासला नव्हता.

मीटर केबिनमध्ये होतं. उन्हातून परत जायचा मला कंटाळा आला होता. बस्स, एवढंच.

दाजी उतरले...

वर आणलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'फिटर न विचारता टाकीत उतरला.' ताईलाही तेच सांगितलं.

गेल्या महिन्यात तोच पंप पुन्हा अडकला. नवा फिटर टाकीच्या तोंडाशी वाकला... आणि तसाच थांबला.

"साहेब, खाली आधीच कुणी उतरलंय का?"

"नाही. का?"

"कुणीतरी बोलतंय..."

मी कान दिला. पंप बंद. वारा पडलेला. एरवी कलकलणारे कावळेसुद्धा गप्प.

मग खालून, अगदी सावकाश...

"गॅस तपासलास ना रे?"

मी धावत जाऊन मीटर आणलं. दोरीला बांधून खाली सोडलं. दोन हातही गेलं नसेल, किंचाळायलाच लागलं.

नवा फिटर टाकीपासून मागे सरकला.

मी तसाच ताईकडे गेलो. ती आता एकटीच राहते. दारातच सगळं कबूल केलं.

ती रडली नाही. ओरडली नाही.

"ठाऊक आहे मला," म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

तिने मान वळवून आत पाहिलं.

आत बाथरूममध्ये... पाणी ओतल्याचा आवाज येत होता. थांबायचा. पुन्हा यायचा.

"ताई, आत कोण आहे?"

"हळू बोल. सकाळपासून अंघोळ करतायत. अंगाचा वास जाता जात नाही म्हणतात."

बाथरूमची कडी बाहेरून लावलेली होती.

मी उंबऱ्यावरूनच मागे फिरलो.

परवा ताईचा फोन आला. "साबण संपलाय रे. आणून देतोस?"

साबण आणलाय. टेबलावर पडून आहे.

पाय उचलत नाही...