मूर्तिमंडित

टप्पकन ओला स्पंज येऊन तिच्या मांडीवर पडला.

"सॉरी हं!" शिडीवरून आवाज आला. एक तरुण दगडी सेनापतीचा कान धूत होता.

"आधी त्यांना ऐकू येतंय का बघा," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. सकाळपासून तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच वाक्य होतं.

ती शब्दकोशाच्या कचेरीत काम करायची. आई गेल्यापासून घरी बोलायला कोणी नव्हतं. दादाचा फोन यायचा, तोही वहिनीने आठवण करून दिली तर. त्या दिवशी 'मूर्तिमंडित' या शब्दासाठी तिने लिहिलेलं वाक्य संपादकांनी परत केलं होतं. 'फार कोरडं आहे. अशी एखादी जागा बघून या.' म्हणून ती या पुतळ्यांच्या बागेत आली होती.

"मूर्तिमंडित म्हणजे काय हो?" खाली उतरून तिच्या वहीतला शब्द वाचत त्याने विचारलं. पुतळ्यांची डागडुजी हे त्याचं काम.

"मूर्तींनी सजलेलं. देऊळ, महाल, बाग..."

"मग आमचं गोदामही मूर्तिमंडित! पुतळ्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही."

"छे! ते नुसते ठेवलेत. मंडित म्हणजे शोभा यायला हवी."

"अस्सं... मग तुम्ही येत जा. शोभेचं तेवढंच राहिलंय."

तिने नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी मात्र डबा घेऊन बागेतच आली. मग रोजच.

एका दुपारी तो हत्यारं आवरताना दिसला.

"इथलं काम संपलं. उद्या दुसऱ्या गावी... वर्ष तरी जाईल."

तिने उघडलेला डबा पुन्हा बंद केला. "बरं," एवढंच ती म्हणाली.

"ते वाक्य तरी ऐकवा. कोरडं म्हणाले होते ते."

"'त्या मूर्तिमंडित बागेत चिटपाखरूही नव्हतं.'"

तो हसला नाही. "आणि मी?"

"ते... तुमच्या आधीचं आहे."

"मग आता काय लिहिलंत?"

"काहीच नाही. लिहायला बसले की पुतळे राहतात बाजूला... तुम्हीच येता."

बोलून गेली आणि तिचे कान तापले. तो कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"तिथे एकच मूर्ती आहे," तो हळूच म्हणाला, "तीही नाक तुटलेली. पण... याल?"

"एका मूर्तीने गाव मूर्तिमंडित होत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तरी येईन."