मार्झान्नाच्या गळ्यातला स्कार्फ

"अहो, चोरायचीच तर कोरडी पेंढी तरी चोरा!"

बोग्ना दचकली. नदीकाठी रचलेल्या बोरूच्या पेंढीवर तिचे हात तसेच राहिले. समोर विळा घेतलेला एक उंच माणूस हसत होता. हा वितोल्द, गिरणीचं छप्पर शाकारायला परगावाहून आलेला.

"मला वाटलं, कुणाच्या नाहीत…" तिचे कान लाल झाले. "दुसरीच्या मुलांना नदीत बुडवायला मार्झान्ना करायचीय. गावात पेंढा मिळेना."

"मग यंदा हिवाळ्याची बाहुली बोरूची! पण बांधायला मी येणार."

"बोलावलंय कुणी?"

"चोरानं अटी घालू नयेत. नाव काय तुमचं?"

"बोग्ना," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचंच नाव नवं वाटलं. तीन वर्षं या गावात ती नुसती 'बाई' होती. दीडला शाळा सुटली की मुलं घरी जात, आणि शाळेच्याच वरच्या खोलीत ती एका कपाचा चहा करी.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात जमिनीवर बसला. तेरा मुलांनी हात, केस, बटणं वाटून घेतली… विलो झाडाच्या काड्या, शेवाळ, पाइनची बोंडं. अंड्याच्या टरफलांची माळ झाली.

"हिला थंडी वाजतेय," छोटी हान्या म्हणाली.

बोग्नानं स्वतःचा राखाडी स्कार्फ काढून बाहुलीला गुंडाळला.

"चांगला आहे की," वितोल्द हळूच म्हणाला.

"एकटीनं काढलेले तीन हिवाळे आहेत त्यात. बुडू देत."

तो त्या स्कार्फकडे बघत राहिला.

एकवीस मार्चला, वसंताच्या पहिल्या दिवशी, मुलांनी आरडाओरडा करत मार्झान्ना नदीत फेकली. कोरडा बोरू कसला बुडतोय! ती तरंगत जाऊन काठच्या फांदीत अडकली. गिरणीचं काम संपलं होतं; वितोल्दची गाडी सामान भरून काठावर उभी होती.

"बोग्ना, मी—"

"बाई, चला! मागे बघायचं नाही!" मुलांनी तिला ओढलंच. मागे बघितलं की वर्षभर आजारपण, पाण्यातल्या मार्झान्नाला शिवलं की हात वाळतो. बाईंनीच शिकवलेलं! ती मान ताठ ठेवून चालली. डोळे भरले होते, पण तिनं मागे पाहिलं नाही.

शाळेच्या फाटकाशी आया मुलांना न्यायला आल्या, तेव्हा हान्या रडत होती.

"बाई, मी बघितलं मागे… काका पाण्यात उतरले होते. मार्झान्नाला हात लावला त्यांनी! आता त्यांचा हात वाळणार ना?"

"नाही गं," बोग्ना म्हणाली. शेवटचं मूल आईच्या हाती देऊन ती पळत सुटली.

गाडी अजून तिथेच होती. वितोल्द गुडघाभर भिजलेला, थरथरत स्कार्फ पिळत होता.

"हा बुडवायचा नाही," तो म्हणाला. "आणि तुम्ही… मागे बघितलंत ना?"

"बघितलं नाही." तिला धाप लागली होती. "परतच आले. जाऊ नकोस, वितोल्द… मला फार एकटं वाटतं."

त्यानं ओला स्कार्फ तिच्या हातात दिला आणि गाडीतून सामान उतरवू लागला.