सत्यभामाबाईंचा बटवा

किसनराव मान वर करून पाहत नाहीत, ही सत्यभामाबाईंची लग्नाच्या दिवसापासूनची तक्रार. अंतरपाट दूर झाला तेव्हाही म्हणे ते हातातल्या हारातलं एक सुटलेलं फूल खोचत होते. त्याला आता एकतीस वर्षं झाली. अमरावतीत अंबादेवीच्या वाटेवर त्यांचं हारफुलांचं दुकान, मागं घर. सकाळपासून किसनराव ओट्यावर मांडी घालून बसत. सुईत दोरा, दोऱ्यात फूल, फुलात नजर. समोर बाईमाणूस उभं आहे की बैल, याचं त्यांना काही नसे. गिऱ्हाइकाला "घ्या" आणि बायकोला "हो", स्वर दोन्हींचा एकच. रोज बायकोसाठी शेवंतीची एक वेणी बांधत, पण ती कोणी उचलून नेली हेही पाहत नसत.

"उद्या माह्या जागी दुसरी बाई येऊन बसली तरी तुमाले पत्ता लागनार नाही," बाई म्हणत.

"हो," किसनराव म्हणत.

त्या हिवाळ्यात अकोल्याहून शकूनचं कार्ड आलं. शकून म्हणजे बाईंची एकुलती लेक. तीन वर्षांपूर्वी तिच्या सासरी व्याहीभोजनाला पुरणपोळी दुसऱ्यांदा वाढायला कोणी आलं नाही, म्हणून बाई भरल्या पानावरून उठल्या होत्या आणि विहिणीच्या स्वयंपाकाची जी काय किंमत त्यांना वाटली ती साऱ्या पंगतीसमोर सांगून आल्या होत्या. तेव्हापासून जाणं-येणं बंद. आता शकूनला मुलगी झाली होती. तिनं लिहिलं होतं, "आई, ये. पण आल्यावर एकदा एवढं म्हण, की माझं चुकलं. तेवढं म्हणायचं नसेल तर येऊ नको."

कार्ड बाईंनी स्वतः वाचलं. साक्षरतेच्या वर्गात त्या दोन हिवाळे जाऊन बसल्या होत्या आणि तेव्हापासून कुठंही अंगठा लावत नसत. सही करत. सहीला पाव घंटा लागला तरी चालेल, मागं रांग थांबली तरी चालेल.

"जाईन," त्या म्हणाल्या. "नातीच्या पायात वाळे घालीन, तिचं तोंड पाहीन. चुकलं म्हनाले मी काय कोनाच्या घरी डाका घातला?"

"हो," किसनराव म्हणाले.

वाळे चांदीचे, बाईंच्या स्वतःच्या लहानपणचे. एक जरासा चेपलेला. ते बटव्यात, पैसे बटव्यात, तिकीट बटव्यात, आणि बटवा कमरेला. बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हा तो होता. मूर्तिजापूरला चहावाला आला तेव्हाही होता. डब्यात गर्दी नव्हती. समोरच्या बाकावर खिडकीकडं तोंड करून पदर ओढून एक बाई बसली होती, तेवढीच. काटेपूर्णा गेलं आणि बाईंचा पापणीला पापणी लागल्याइतकाच डोळा लागला. अकोला आलं तेव्हा समोरचं बाक रिकामं होतं आणि कमरही.

फलाटावर बाईंनी चोराचा असा उद्धार केला की हमालांनी डोईवरचं ओझं खाली ठेवून ऐकलं. मग त्या फाटकाशी आल्या.

"तिकीट चोरानं नेलं," त्यांनी तिकीट कलेक्टरला आधीच सांगून टाकलं. "पोलिसाले बोलवा, नाही तं मले फाशी द्या."

त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "मावशी, तुमी तं आत्ताच तिकीट देऊन बाहेर गेल्या. वापस आत कावून आल्या?"

"मी गेली?"

"गेल्या ना. धक्का लागला तं 'माफ कर बापू' बी म्हनल्या. मले मोठं नवल वाटलं. तिकीट देनारा मानूस आमाले असा कधी बोलत नाही."

"हा बी किसनरावच," बाई पुटपुटल्या आणि वाद न घालता बाहेर पडल्या. फुकट सुटका होत असताना माणसाचे डोळे दुरुस्त करत बसायला त्या काही रिकाम्या नव्हत्या.

पण लेकीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं? तेही तीन वर्षांनी, त्या विहिणीसमोर? त्यापेक्षा मोर्णा नदीत उभं राहिलेलं बरं. पदराच्या गाठीला अडीअडचणीचे दोन रुपये होते. पोस्टात जाऊन त्यांनी परगावी नोकरीला असलेल्या मुलाला, भगवंतला, तार केली: बटवा गेला, तारेनं पैसे पाठव, पोस्टातून उचलते. उरलेल्या पैशांत मुरमुरे घेतले आणि स्टेशनजवळच्या धर्मशाळेत थंड फरशीवर अंग टाकलं. विहिणीच्या घराचं मातीचं धाबं तिथून दोन मैलांवर होतं. बाईंनी मुद्दाम त्या दिशेला पाठ केली.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडून घटका झाली तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. आतले बाबू पुण्याकडचे, चष्मेवाले, प्रत्येक वाक्य कळ दाबल्यासारखं बोलणारे.

"सत्यभामा किसनराव," बाई म्हणाल्या. "माहे पैसे आले असतीन."

बाबूंनी चष्मा वर केला. "आले होते. आणि तुम्ही घेऊनही गेलात, बाई. दार उघडल्या उघडल्या."

"मी आता येऊन राहिली."

"तारेतला मजकूर तुम्ही सांगितलात, मुलाचं नाव सांगितलंत. आणि हा तुमचा अंगठा." त्यांनी कागद फिरवला.

"अंगठा!" बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "अवं बाप्पा, मी सही करतो! चार वर्षं झाले, म्या देवाच्या दारात बी अंगठा नाही लावला!"

"सही येत नाही म्हणालात. लाजला वगैरे नाहीत. उलट हात जोडून म्हणालात, 'तुम्हाला माझ्यापायी त्रास झाला.'"

"हात जोडले?"

"हो."

"मंग ती मी नोहे," बाई म्हणाल्या. "इचारा साऱ्या अमरावतीले."

बाबू सरकारी माणूस. साऱ्या अमरावतीला विचारण्याची सोय त्यांच्याकडं नव्हती. त्यांनी शाईची गादी पुढं सरकवली. बाईंनी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा दात आवळून डावा अंगठा कोऱ्या कागदावर टेकवला.

त्या अंगठ्यावर लहानपणी विळा लागला होता. आडवा वण, एका टोकाला दोन फाटे. माहेरी, चांदूर बाजारच्या शेतात, लसूणघास कापताना. बाबूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग खिडकीच्या उजेडात धरले.

दोन्हींवर आडवी पांढरी रेघ होती. टोकाला दोन फाटे.

"तुमचाच आहे," बाबू म्हणाले, पण आता त्यांचा आवाज जरा खाली आला होता. त्यांनी कागद भराभर फायलीत घातले आणि शेजारची खिडकी दाखवली, जिथं बाईंचं काहीच काम नव्हतं.

बाई पायरीवर आल्या. शाईचा अंगठा पदराला पुसला. तो पुसला जाईना. रिकामा हात आता आणखी रिकामा वाटत होता. पण परत अमरावतीला जायलाही तिकीट लागतंच. मोर्णेचा पूल ओलांडून, जुन्या शहरातल्या गल्लीतून, त्या शकूनच्या दारात पोचल्या.

दार उघडंच होतं. शकून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं आणि हसली. तीन वर्षांत बाईंनी ते हसू पाहिलं नव्हतं.

"काय वं आई, काही इसरली काय?"

बाई उंबऱ्यावर थांबल्या. बाळाच्या पायात चांदीचे वाळे होते. एक जरासा चेपलेला.

"हे कोनं घातले?"

"तूच घातले ना काल! आता आई नातीपुढं मस्करी बी कराले लागली." शकूननं डोळे पुसले. "तू माह्या सासूच्या पाया पडली, आई. मी जलमात पाह्यलं नव्हतं. 'इनबाई, माहं चुकलं,' म्हनली. त्यायले रात्री जेवन गेलं नाही खुशीनं. अन् तू रात्रभर पोरीले उरावर घेऊन झोपली. पोस्टात काम हाय म्हून निंगाली, तिकून परभारी दुपारच्या गाडीनं जातो म्हनली. मंग?"

स्वयंपाकघरातून विहीण आली. हातात पुरणपोळी.

"बसा, इनबाई," ती म्हणाली. "काल तुमी दोनच खाल्ल्या."

बाईंच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ती मी नोहे. मी पाया पडली नाही. माहं काही चुकलं नाही. ते एकदा म्हटलं असतं, की घरभर झालेलं सगळं परत गेलं असतं: ते हसू, ती पोळी, बहुतेक ती नातसुद्धा.

बाळ त्यांच्याकडं पाहत होतं. मग त्यांच्या खांद्यावरून मागं, रिकाम्या दाराकडं पाहून हसलं.

"चष्मा," बाई म्हणाल्या. "चष्मा राह्यला वाटलं मले."

"तुले चष्मा कवा लागला?"

"लागन आता," बाई म्हणाल्या आणि पोळी खाल्ली. तीन खाल्ल्या. पोळी चांगली होती. तेही त्यांना कोणाला सांगता आलं नाही. नातीला घ्यायला हात पुढं केले, तर तिनं मानेशी नाक खुपसून हुंगलं आणि ओळख न पटल्यासारखी ती रडली.

तिकीट जावयानं काढून दिलं. ज्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही असं ठरलं होतं, त्याच्याच पैशानं बाई बसल्या. साऱ्या वाटेत समोरच्या बाकावर कोणी नव्हतं. तरी त्यांनी डोळा लागू दिला नाही.

अमरावतीला पोचल्या तेव्हा दिवेलागण व्हायची होती. ओट्यावर किसनराव, सुई, दोरा. शेजारी रिकामी कपबशी.

"च्या आज चांगला झाला व्हता," मान खाली घालूनच ते म्हणाले. "साखर बराबर होती."

"कोनं केला?"

दोरा थांबला.

आत खुंटीला बटवा लटकत होता. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. दाराआड भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तीन थापा, मग एक गिरकी, मग तीन थापा. बाईंची भाकरीही अशीच होते.

किसनरावांनी मान वर केली.

त्यांचे डोळे घारे आहेत, हे बाईंना एकतिसाव्या वर्षी कळलं.

त्यांनी टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. खाली शेवंतीची वेणी होती. "एक आत देल्ली," ते हळू म्हणाले. "ही तुही. मले वाटलंच, तू मागून येशीन."

"मंजे तुमी वळखता तिले?"

"हो."

"कवापासून?"

"तू पयल्यांदा रुसून चांदूर बाजारले गेली होती ना, तवा आली. तवापासून तू रागानं बाहेर पडली का येते. तू आली का मांगच्या दारानं जाते."

"मंग आता कावून नाही गेली?"

किसनरावांनी आतल्या दाराकडं पाहिलं. थापा थांबल्या होत्या. आत कोणीतरी ऐकत असावं.

"नातीले पाहून आली ना," ते म्हणाले. "म्हने, आता जाव नाही वाटत."

बाई ओट्यावर बसल्या. वेणी उचलली, काळ्या अंगठ्यानं केसात खोचली, आणि आत नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,

"किसनराव, मी तुमाले आंधळे म्हनत होती, तुमी तं पक्के चोर निंगाले. एकतीस वर्षं शिव्या माह्या खाल्ल्या अन् च्या तिच्या हातचा पेला! आता सांगा तिले. अंगठा तिनं लावावा, माफी तिनं मागावी, च्या तिनं करावा, माहं काही म्हननं नाही. पन नात माही हाय. पुढच्या वख्ताले अकोल्याले मी जाईन, अन् तुमी हितं बसून, मान वर करून, तिच्यावर ध्यान ठेवसान!"