मशीनमधलं पाणी

ही ऐकीव भुताटकी नाही. भुजंग मेकॅनिक आजही लातुरात आहे. त्यानं हे एकदाच सांगितलं, तेही बायको माहेरी गेलेली असताना.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्र नव्हती... भर दुपार होती.

भुजंग वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. नळच कोरडे, तर मशीन लावणार कोण? धंदा बसला होता. त्यात घरी तान्हं पोर. घामोळ्यांनी अंग लाल झालेलं, सारखं रडायचं. पोराला एकदा मनसोक्त अंघोळ घालावी, एवढंच बायकोचं, चांगुणाचं, मागणं होतं.

अशात कस्तुराबाईंनी बोलावलं. मशीनमधलं पाणी जात नव्हतं.

घरात म्हातारी एकटीच. मोरीत हंडा पालथा, ड्रम कोरडा ठणठणीत.

मशीन मात्र काठोकाठ भरलेलं...

"मावशी, एवढं पाणी आणलं कुठून?"

"म्या न्हाई भरलं." म्हातारी उंबऱ्यापलीकडूनच बोलली. "सुनेची मशीन हाय, तारामतीची. ती गेल्यापून कुणी लावली न्हाई."

"गेली म्हंजी?"

"गावाकडं पाणी भरायला हिरीत उतरली, ती वर आलीच न्हाई. तिचं अंगावर पिणारं लेकरूबी मागोमाग गेलं."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून भुजंगनं मनाला समजावलं. बटण फिरवलं. पाइप खाली टाकला. थेंब नाही.

त्यानं हात आत घातला...

बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि हे पाणी बर्फासारखं गार. वास शेवाळाचा.

तळाशी भोकात काहीतरी अडकलं होतं. ओढलं. बाळाचं दुपटं... आणखी ओढलं.

खालून कुणीतरी उलटं ओढलं.

भुजंगनं घाबरून जोराचा हिसका दिला. दुपटं हातात आलं आणि पाइपातून पाणी धो धो वाहू लागलं.

"समदं नालीत जाऊ द्या," कस्तुराबाई म्हणाली. "थेंब ठिवू नका."

त्या साली लातुरात पाणी नालीत सोडायचं? लोक भांडी धुतलेलं पाणीसुद्धा जपून ठेवत होते. भुजंगचा हात धजावला नाही. म्हातारी आत वळली, तसा त्यानं गाडीवरचा कॅन आणून पाइपाखाली लावला.

कॅन पाहून चांगुणाचे डोळे भरून आले.

"कुठून आणलं हो?"

"टँकरवाला वळखीचा हाय," तो म्हणाला.

अंघोळ झाली. पोर गप झालं, शांत झोपलं. दोन दिवसांत घामोळ्या गेल्या. भुजंगला वाटलं, आपण उगाच भ्यालो.

पण पोर आईच्या अंगावर पिईना.

जवळ घेतलं की तोंड फिरवायचं. चांगुणाची छाती दुधानं ठणकायची, ती रडायची. डॉक्टरांनी तपासलं. "काही झालेलं नाही," म्हणाले. "उलट वजन वाढलंय."

खरंच वाढत होतं...

एका दुपारी खोलीतून चुटूचुटू आवाज आला. चांगुणा धावली. खोलीत कुणीच नव्हतं. झोळी हलत होती. पोराच्या ओठांवर ताजं दूध होतं... आणि झोळीला शेवाळाचा वास.

तिनं उचललं, तसं ते किंचाळलं. परकी बाई दिसल्यासारखं.

पाणी कुठलं होतं, हे भुजंगनं तिला अजून सांगितलेलं नाही. त्याची छातीच होत नाही.

पोर आता शाळेत जातं. अंगानं धडधाकट आहे. पण चांगुणाला त्यानं आजवर एकदाही आई म्हणून हाक मारलेली नाही.