चिमणीच्या पाइपाचे दुसरे तोंड

पलीकडचा अंदाज घेतल्याशिवाय घराच्या भिंतीचे भोक वापरू नये, असे बजावणाऱ्या कथांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात भोकातून काहीतरी घरात येते. सांगणाऱ्यांना हा गट अधिक प्रिय, कारण आलेल्याला हाकलता येते. दुसऱ्या गटात घरातलेच काहीतरी भोकातून निघून जाते. जुन्या पाठांत हे भोक खिडकीचे किंवा मोरीचे असते. पुढील पाठ अलीकडचा असून त्यात ते स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीच्या कामी येते.

कपडे शिवून घर चालवणाऱ्या एका बाईने ही चिमणी बसवून घेतली, ती नवऱ्याच्या खोकल्यापायी. फोडणीचा धूर झाला की पलंगावर पडलेला तो माणूस जीव जाईस्तोवर खोकायचा आणि दम परत आला की हाक मारायचा, "अगं..."

फिटर बोलघेवडा होता. भिंतीची टाइल काढताच आत त्याला एक जुने, गोल भोक सापडले.

"ताई, तुमच्या भिंतीला माझी दया आली बघा. ड्रिल मारायचं कामच वाचलं."

पाइप त्यात सारून त्याने बटण दाबले आणि जाळीखाली कागद धरला. कागद चटकन चिकटला. बाहेरचे झाकण मात्र त्याने बाईच्या हाती दिले. "मागच्या बाजूनं पाइपाच्या तोंडावर दाबा, बसेल."

त्या दिवशी घरात धूर राहिला नाही, नवराही खोकला नाही. बाई हरखली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणी चालू ठेवून ती झाकण घेऊन मागच्या बोळात गेली. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होती, पाइपाचे तोंड कुठेच नव्हते. तिने तळहात फिरवून पाहिला. वारा कुठेच लागेना. मग तिने विटांना कान लावला. आत कोणीतरी खोकत होते. दम परत आल्यावर ते म्हणाले, "अगं..."

ती धावत घरात आली. "हाक मारलीत?"

नवऱ्याचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. छाती हलत होती, तीही जेमतेम.

तिने चिमणी बंद केली. आवाज काही परतला नाही. निरोप मिळताच फिटर आला, तो कुरकुरतच.

"कागद चिकटतोय ना, ताई? म्हणजे ओढतंय."

"ओढतंय ते दिसलं. टाकतंय कुठं?"

"बाहेर. आणखी कुठं टाकणार?"

"जाऊन बघून या."

बोळातून तो परतला तेव्हा त्याची कुरकुर थांबली होती. "मी नाही हात लावायचा. पाइप काढला आणि आत जे काही आहे ते..."

"आत आहे ते आमचंच आहे. थापी आणि सिमेंट ठेवा, आणि निघा तुम्ही."

तो गेला. बाईने स्टुलावर चढून पाइप उपसला. भोकातून आजाऱ्याच्या अंथरुणाचा ऊबदार वास आला. तिने तोंड भोकाला लावले.

"कोण असाल ते असा. माणूस माझं आहे. त्याचं त्याला परत द्या, नाहीतर ही भिंत मी हातानं पाडीन."

मग पलंगावर नवरा खोकला, खोल आणि कष्टाने, नेहमीसारखा.

"अगं... पाणी दे."

"आणते" म्हणायला बाईने तोंड उघडले. घशातून नुसती हवा निघाली.

"आणते हं," भिंतीतून तिचा आवाज म्हणाला.

बाईने नवऱ्याला पाणी पाजले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि येऊन सिमेंट कालवले. थापी भोकाला टेकताच आतून तिचाच आवाज हळू म्हणाला, "जरा थांबा..."

बाईने भोक बुजवले.