वळणावरचे दहा आकडे

ही घटना खरी आहे. पुरावा मागाल, तर जो आहे तो माझ्याच विरुद्ध जातो.

रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या तपासणं हे माझं काम. पट्टीचा रंग ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी पेरतात. दिव्याचा झोत पडला, की ते मणी तो चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवतात. रस्ता कुठे संपतो, हे अंधारात कडेची पट्टीच सांगते. ती किती चमकते, ते माझं यंत्र आकड्यात दाखवतं. दोनशेच्या वर उत्तम. शंभराच्या खाली नापास.

टेकडीवरच्या वळणावर दहा ठिकाणी मोजायचं होतं. भर दुपार. ट्रक अंगावरून जात होते.

"साहेब, जीव नकोसा झालाय का?" आमच्या जीपचा चालक ओरडला. "सरळ रस्त्यावर दोनशे आले ना? रंग तोच, रंगारी तोच. द्या अंदाजपंचे ठोकून आणि चला जेवायला!"

मी जीपमध्ये बसून दहा आकडे लिहिले. खरे वाटावेत म्हणून थोडे वरखाली केले. २१२, २०८, २१५...

अकरा दिवसांनी, पहाटेच्या धुक्यात, दुधाची एक गाडी त्या वळणावर वळलीच नाही. सरळ दरीत गेली. चालक जागीच गेला.

चौकशीत माझा अहवाल वाचला गेला. पट्टी उत्तम दिसत होती. अर्थात चालक झोपला होता, असं ठरलं.

त्याची थोरली बहीण कार्यालयात आली.

"माझा भाऊ गाडीवर कधी डुलकी काढायचा नाही हो. पंधरा वर्षं दूध वाहिलं त्यानं. मेल्यावर असा डाग नका लावू त्याला."

"ताई, आकडे खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो.

शांतपणे म्हणालो. तिला बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात रंगारी भेटला. बोलता बोलता सहज म्हणाला, "त्या वळणावर मणी संपले होते, साहेब. पण तुम्हाला कळलंच असेल की... मोजताना."

मी मान हलवली.

दुसऱ्या पहाटे एकटाच गेलो. तीच वेळ, तसंच धुकं. ठरलेला आकडा दाखवणाऱ्या प्रमाणाच्या तबकडीवर यंत्र दोनदा तपासून घेतलं आणि पट्टीवर ठेवलं. मण्यांशिवाय पट्टी, त्यात दवाने ओली. आकडा चाळिसाच्या आत यायला हवा होता.

आला...

२१२.

एक पाऊल पुढे. २०८.

पुढे. २१५.

माझेच आकडे होते. माझ्याच क्रमाने.

यंत्र बिघडलं म्हणावं, तर प्रमाणाच्या तबकडीवर ते अचूक होतं. ओल्या पट्टीचा आकडा घटतो, वाढत नाही. मी वाकून, पडद्यावर नजर ठेवून चालत राहिलो. सातवा. आठवा. मागे कुठेतरी एक इंजिन धडधडू लागलं...

कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला...

वळून पाहिलं. नुसतं धुकं.

नववा. दहावा.

मी दहाच लिहिले होते. पण पट्टी समोर होतीच. स्वच्छ, पांढरी, सरळ गेलेली. मी अकराव्यांदा यंत्र ठेवलं. पडदा कोरा.

आणि कानाशी, अगदी मवाळ आवाजात...

"साहेब, जागे आहात ना?"

मी मान वर केली. डांबर चार पावलं मागे, डावीकडे वळून गेलं होतं. मी गवतावर होतो. बुटाचा पुढचा भाग हवेत होता आणि त्याखाली दरी होती.

गवतावर पट्टी नव्हती.

यंत्राच्या स्मृतीत दहा नोंदी सापडल्या, तारखेसह. मोठे साहेब त्या पाहून खूश झाले. "मोजमाप दोनदा जुळलं की! मग अडचण काय?"

अडचण मीच होतो. पहिले आकडे मी जीपमध्ये बसून रचले, हे स्वतःच्या हाताने लिहून दिलं. चौकशी पुन्हा उघडली. कबुलीची एक प्रत घेऊन त्या चालकाच्या बहिणीच्या घरी गेलो. पहाटेचंही सगळं सांगितलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मोबाइलवर भावाचा जुना निरोप लावला.

"अगं आक्का, कडी लावू नकोस. पोचतोच दहा मिनिटांत. आणि माझ्या वाटचं जेवण त्या बोक्याला घालू नकोस!"

तिने तो पुन्हा लावला.

"हाच आवाज होता का?"

"खात्रीने सांगता येत नाही," मी म्हणालो.

येत होतं.